परवाची गोष्ट

नारायणगुड्याच्या चौकात सीताफळांच्या हातगाड्या लागल्या आहेत. दसऱ्याच्या आगेमागे त्या लागतातच, त्यात नवल काही नाही. नवल माझंच आहे. शूटिंगसाठी आठवडाभर हैदराबादला आलेली, चाळिशी उलटलेली, टीव्हीमुळे चार लोकांच्या ओळखीची झालेली मी बाई, आणि दोन दिवस ऑटोवाल्याला सांगतेय, "चौकातून नको, आतल्या गल्लीनं घ्या." आज तो वैतागला. "क्या है अम्मा, उदर क्या भूत है क्या?" म्हणाला. भूत नाही. सीताफळं आहेत, आणि त्यांच्यापुढून रस्ता नल्लकुंट्याला जातो. तिथे कुमुदकाकू राहतात.

कुमुदकाकू हे त्यांचं खरं नाव नाही. नाव बदलण्याइतकी अक्कल मला आता आली आहे. पाच वर्षांपूर्वी आली असती तर हे लिहायला बसावंच लागलं नसतं.

मी मूळची गौलीगुड्याची. बाबा बसडेपोत मेकॅनिक. आजोबांपर्यंत सगळे शेतकरी, निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातले. घरात मराठी, दारात दखनी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, अशा चार चुलींवर माझी भाषा शिजली. "भाजी नक्को, दालच वाढ." "तो येतो बोलून गेला, आलाच नाही." "आजीला दवाखान्यात शरीक केले." आमच्या गल्लीत याला मराठीच म्हणत आणि कुणाचं काही अडत नसे. वाचताना मात्र मी अडखळायचे, धावत्या बसची पाटी वाचावी तशी एकेक अक्षर धरत. आणि एवढ्या भांडवलावर मला व्हायचं होतं मराठी नाटकातली नटी.

आमच्या मराठी मंडळाचं नाटक गणपतीत व्हायचं आणि कुमुदकाकू तिथल्या प्रॉम्प्टर होत्या. माहेर पुण्याचं, लग्न होऊन हैदराबादला आलेल्या. विंगेत एक लाकडी स्टूल, दोरीला अडकवलेला चष्मा, मांडीवर नाटकाची वही, असा त्यांचा थाट. सगळ्यांची मराठी नीट करणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम होतं. मंडळाचे अध्यक्ष "मी येऊन राहिलो" म्हणाले तर त्या भर सभेत म्हणायच्या, "येऊन कुठे राहिलात? येताय ना?" अध्यक्ष बिचारे "येतोय, येतोय" म्हणून खाली बसायचे.

गंमत अशी, की इतकी वर्षं इथे काढल्यावर काकूंची स्वतःची मराठी पुण्याची राहिलीच नव्हती. वही समोर असली की ती अगदी लखलखीत असायची. वही मिटली की हौ, नक्को, हल्लू, काय की बाई, सगळं यायचं. शेजारणीशी बोलताना, कढईत फोडणी टाकताना, जिन्यावरून हाक मारताना त्यांच्या तोंडी पूर्ण नल्लकुंटा असायचा. काकूंना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मते त्या अजूनही माहेरचंच बोलत होत्या. आणि त्यांना सोडून बाकी सगळ्यांना हे ठाऊक होतं.

मला ते कळलं पहिल्याच नाटकात. मला दासीचं काम होतं, दोन वाक्यांचं. घाबरून मी पहिलं वाक्य असं काही भरधाव सोडलं की महाराणीलाही समजलं नसावं. विंगेतून काकूंचा दबका आवाज आला, "हल्लू, हल्लू." विंगेतून येईल ते म्हणायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. मी हात जोडले आणि म्हटलं, "महाराणी, हल्लू हल्लू." सगळं सभागृह हसलं. नाटक दुःखान्त होतं.

पडदा पडल्यावर काकू माझ्यावर बरसल्या. "मी 'सावकाश' म्हटलं होतं. 'सावकाश'! तुला हल्लू कुठून ऐकू आलं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या सेक्रेटरींनी मला बाजूला ओढलं. "बेटा, ऐक," ते हळूच म्हणाले, "काकूंना हे सांगायचं नाही. कधीच नाही. हौ की नाही?" मी हौ म्हटलं. मंडळात नवा माणूस आला की त्याला आधी चहा देत आणि मग ही एक गोष्ट कानात सांगत. कुठे लिहिलेला नसला तरी आमच्या मंडळाचा हा एकच नियम सगळे पाळायचे.

दोन वर्षांनी आम्ही महाराष्ट्रात एका स्पर्धेला गेलो. मला चांगली मोठी भूमिका होती. परीक्षक सज्जन होते, स्टेजवर काही बोलले नाहीत. नंतर चहाच्या टेबलापाशी म्हणाले, "मुलगी मनापासून करते हो, पण हे उच्चार घेऊन ती कुठे जाणार?" मी त्यांच्या मागेच कप घेऊन उभी होते. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. काकूंनी ते पाहिलं असणार, कारण स्टेशनवर उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी घरी ये."

तो सीताफळांचाच हंगाम होता. माझ्या आयुष्यात हंगाम बरेच झाले, परीक्षांचे, लग्नांचे, उन्हाळी नाटकांचे, पण नुसतं 'हंगाम' म्हटलं की मला तोच आठवतो. काकूंच्या स्वयंपाकघरातलं पत्र्याचं टेबल. तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवलेली सीताफळं, आणि दुपारी डबा उघडला की घरभर पसरणारा तो गोड, किंचित शिळसर वास. फळाच्या डोळ्यांमधली रेघ पांढुरकी झाली की काकू ते अंगठ्यानं उकलायच्या, आवाज न करता. एक अर्धं मला, एक अर्धं त्यांना, मध्ये जुना तेलुगू पेपर.

"तोंडात एक घे," त्या सांगायच्या. "बोट लावायचं नाही. दात लावायचे नाहीत. जिभेनं बी सोडव."

मी सोडवायचे.

"आता बघ, जीभ कशी हलली? बारकाईनं हलली ना? शब्दातलं अक्षर असंच सोडवायचं. म्हण, पाणी."

"पानी."

"बी चावलीस. पुन्हा."

असं रोज दोन-दोन तास. पाणी, आणि, कोणी, लोणी. पेपरवर काळ्या चकचकीत बियांचा ढीग वाढत जायचा आणि माझा 'ण' हळूहळू जागेवर यायचा. मी वाचायला शिकले तीही तिथेच. काकू एक वाक्य वाचायच्या, मी तेच वाक्य पाहून वाचायचे, आणि चुकले की त्या वाक्याच्या सुरुवातीला न्यायच्या. चिडायच्या खूप. पण माझ्या वाट्याला मोठं अर्धं यायचं, हेही मी पाहत होते.

एकदा बोलता बोलता मी म्हटलं, "परवा मी दहावीत होते ना काकू, तेव्हा..."

"थांब. कधी दहावीत होतीस?"

"परवा."

"परवा म्हणजे कालच्या आदला दिवस. नाहीतर उद्याच्या नंतरचा. 'परवा'ला तिसरा अर्थ नाही."

आता हैदराबादच्या माणसाला हे पटवणं कठीण आहे. आमच्याकडचा परसों फार ऐसपैस. त्यात मागचा आठवडा बसतो, मागची दिवाळी बसते, कुणाचं बालपणही बसतं. जे झालं आणि अजून मनातून गेलेलं नाही ते सगळं परसों. पण मी मान डोलावली आणि घोकलं, की परवा म्हणजे परवाच. पाचच मिनिटांनी काकू खिडकीशी उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला, हनुवटीनं बाहेर दाखवलं आणि म्हणाल्या, "परवा मी लग्न होऊन आले ना, तेव्हा इथं एक घर नव्हतं गं. नुसतं गवत की."

मला हसू फुटलं. तोंडात बी होती, ती दाताखाली आली. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "बी चावली," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

पुढे मी मुंबईला गेले. तिथल्या पहिल्या सात वर्षांबद्दल अभिमानानं सांगावं असं काही नाही. एका मालिकेत मी नर्स होते, ट्रे घेऊन आत यायचं आणि ट्रे घेऊन बाहेर जायचं. एका नाटकात मुख्य नटी आजारी पडली तर उभं राहायला मी होते, आणि तिची तब्येत उत्तम होती. ऑडिशनला जायचे, स्वच्छ, सुटं सुटं मराठी बोलायचे, आणि लोक म्हणायचे, "छान. कळवतो." तिथे स्वच्छ मराठी सगळ्यांनाच येत होतं. काकूंनी एवढ्या कष्टानं मला जे दिलं ते मुंबईत कुठल्याही कोपऱ्यावर मिळत होतं, हे कळायला मला सात वर्षं लागली.

मग एका ऑडिशनला दिग्दर्शकानं माझा कागद पाहिला. "हैदराबादच्या का तुम्ही? मग तिकडचं काहीतरी करून दाखवा की. एक सासूबाईंचं पात्र आहे, विनोदी."

मी विचार केला नाही. खरंच नाही केला, आणि हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. पदर कमरेला गेला. नसलेला चष्मा दोरीवरून नाकावर चढला. हनुवटी खिडकीकडे वळली आणि मी म्हटलं, "परवाच तर की गं, मी लग्न होऊन आले तेव्हा." खोलीतली पाच माणसं पोट धरून हसली. मी आणखी केलं. दुसऱ्याची मराठी सुधारणारी आणि स्वतः नक्को-हौ करणारी म्हातारी केली. जे मंडळातल्या माणसांनी तीस वर्षं जिवापाड झाकून ठेवलं होतं ते मी पाच मिनिटांत टेबलावर ओतलं. मला काम मिळालं.

पुढचं लोकांना माहीत आहे. ती सासूबाई घराघरात गेली. तिच्या जोरावर मला सिनेमा मिळाला, मग मनासारखं एक गंभीर नाटक मिळालं, ज्यात मी काकूंनी शिकवलेला 'ण' अभिमानानं लावला. पण मॉलमध्ये, विमानतळावर, लग्नाच्या पंगतीत माणसं मला गाठतात ती हनुवटी वर करून, "परवाच की गं" म्हणत. मी हसते. हसावं लागतं.

पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला होता. वेड्यासारखी आनंदात होते मी. "काकू, बघितलंत?"

"बघितलं," त्या म्हणाल्या. "उच्चार स्पष्ट होते."

त्यांच्या सुनेनं, मीरानं, बाकीचं मला नंतर सांगितलं. मीराही पुण्याची, आयटीतली, साधी सरळ मुलगी. मंडळाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे तिला कुणी चहा देऊन ती गोष्ट कानात सांगितली नव्हती. "आम्ही सगळे बघत बसलो होतो," ती म्हणाली, "आणि मीच हसत म्हटलं, आई, ही तर डिट्टो तुम्ही. मला खरंच काही माहीत नव्हतं हो. आईंनी सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, मी अशी बोलते? आणि कुणी काही बोललंच नाही."

'नाही' म्हणायला एक माणूस हवा होता. तिथे तो नव्हता. मी असते तर म्हटलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

त्यानंतर काकूंनी प्रॉम्प्टिंग सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. मीरा म्हणाली, "आता फार जपून बोलतात. एकेक शब्द तपासून. भाजीवाल्यासमोर तर नुसतं बोट दाखवतात. मोठ्यानं हाक मारणं बंद झालंय घरात."

नट माणसं बघूनच शिकतो, हे मी मुलाखतींत सांगत असते. निरीक्षण, म्हणते. शब्द चांगला आहे. पण ज्या बाईनं आपलं मोठं अर्धं मला दिलं तिच्याकडून मी तिची बोली घेतली, आणि घेताना विचारलं नाही, आणि घेतल्यावर ती तिच्याकडे उरली नाही. याला निरीक्षण म्हणवत नाही. चोरीत निदान वस्तू परत करता येते.

पाच वर्षांत हैदराबादला सहा-सात वेळा आले. दर वेळी फोन केला. "काकू, परवा येते." त्या म्हणायच्या, "ये. अवश्य ये." मी गेले नाही. तिसरा अर्थ नसलेला शब्द मी त्यांनाच असा वापरला, आणि हंगाम असला की काकू त्या दिवशी सीताफळं आणून ठेवतात, हे मीरानं सांगितलं तरीही गेले नाही.

आणि आता त्या सासूबाईवर आख्खा सिनेमा निघतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तर आज ऑटोवाला वैतागला आणि मी म्हटलं, "बरं, चौकात थांबवा." गाडीवाल्यानं पाल्याखालची सीताफळं पुढे केली. "आज के वास्ते होना अम्मा, क्या परसों के वास्ते?" पिकलेली हवीत की कच्ची, एवढंच त्याला विचारायचं होतं. "आजच के," मी म्हटलं.

दार काकूंनीच उघडलं. लहान झाल्यात. चष्म्याची दोरी तीच. "ये, अनसूया. बस. प्रवास व्यवस्थित झाला ना?" बातम्या वाचाव्यात तसं. पूर्वी त्या मला "अगं पोरी" म्हणायच्या. मी "हो काकू" म्हटलं आणि पिशवी पुढे केली. "कशाला त्रास घेतलास," त्या म्हणाल्या, आणि 'त्रास'च्या आधी क्षणभर थांबल्या. त्या जागी परेशानी येणार होती, ती त्यांनी मागे ढकलली. मला ते दिसलं. दिसणं हाच तर माझा धंदा.

पत्र्याचं टेबल तिथेच होतं. पेपर अंथरला गेला. काकूंनी एक फळ उकललं, आवाज न करता, आणि मोठं अर्धं माझ्याकडे सरकवलं. ते पाहिल्यावर मी बोलूनच टाकलं.

"काकू, मी तुमची नक्कल केली. टीव्हीवर. तुम्हाला न विचारता केली. सगळे तुम्हाला हसले आणि मी त्यावर मोठी झाले. फार चुकलं माझं."

त्या बिया सोडवत राहिल्या. एक, दोन, तीन, पेपरवर. मग म्हणाल्या, "तू तेव्हा माझा हात चुकीचा दाखवला होतास. मी पदर डावीकडे खोचते."

"हो."

"कधीची गोष्ट ती?"

"पाच वर्षं झाली, काकू."

"पाच?" त्यांनी मान उचलली. हनुवटी वर गेली, खिडकीच्या बाजूला. "छे गं. परवाचीच की."

शब्द टेबलावर पडला आणि त्यांना तो ऐकू आला. त्यांना ऐकू आला हे मला दिसलं. त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं, मी हसते का ते बघायला.

"हौ काकू," मी म्हटलं. "परवाचीच."

त्यांनी दुसरं फळ घेतलं आणि त्या बोलायला लागल्या. "हल्लू खा, बी आहे. तुला सांगू, मीरा चांगली आहे गं, पण सीताफळ नक्को म्हणते, काय की बाई, चिकट होतंय म्हणते." मग मंडळाचं, मग शेजारच्या घराचं, मग माझ्या हडकुळ्या हातांचं. पाच वर्षांचं साठलेलं सगळं येत होतं, त्यांच्या त्या बोलीत, न तपासता, मोठ्यानं. आणि माझ्या लक्षात आलं, की मी पाहतेय. पदर डावीकडे. 'की'वर आवाज चढतो, 'बाई'वर उतरतो. माझ्या आत कुणीतरी हे सगळं नीट लावून ठेवत होतं.

मी मान खाली घातली आणि पेपरवरच्या बियांकडे बघत राहिले. डोळे खाली घालता येतात. कानांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.